पोपड्यांवर पॅनेल लावू का?

काका, सप्रेम नमस्कार. आमच्या बसायच्या खोलीत सोफ्यामागची एक भिंत आहे, १२ फूट लांब आणि ९ फूट उंच. तिच्यावर पट्ट्यांच्या चौकटी करून सगळं एकाच रंगात रंगवावं असं माझ्या मनात आहे. नवऱ्याला मात्र त्या उभ्या लाकडी पट्ट्यांची तयार पॅनेल हवीत, कारण पलीकडच्या घरातला टीव्ही ऐकू येतो आणि दुकानदार म्हणाला की यानं आवाज थांबतो. भिंतीच्या उजव्या टोकाला, जिथे मागे आमचंच न्हाणीघर आहे, तिथे जमिनीपासून दीडेक फूट पोपडे येतात. दोनदा रंग दिला, पुन्हा आले. सासूबाई म्हणतात, पॅनेल लावाच, म्हणजे ते एकदाचं झाकलं जाईल. तीन आठवड्यांनी घरी बरीच माणसं यायची आहेत. आमच्याकडे ड्रिल मशीन आहे, हातकरवत आहे आणि उत्साह आहे. पॅनेल किती उंच असावं? एमडीएफ घ्यावं, खरं लाकूड घ्यावं की पीव्हीसी? खिळे मारावेत की गोंद लावावा? भिंतीवर दोन स्विचबोर्ड आहेत, त्यांचं काय करायचं?
– चौकटीत अडकलेली

तू काका म्हणालीस, तेव्हा अगंतुगं करतो. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आणि या एका बाबतीत त्यांचं ऐकू नकोस. हे मी अनुभवानं सांगतोय, कारण त्या सुचवतायत तेच मी पूर्वी स्वतःच्या घरात करून बसलो होतो. झोपायच्या खोलीतल्या एका भिंतीला असेच पोपडे होते. खरवडले, वर छान प्लायवूड ठोकलं, पॉलिश केलं. आलागेला वाहवा करायचा. आठ-दहा महिन्यांनी खोलीत शिरलं की ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. आम्ही कपाट उपसलं, गाद्या उन्हात टाकल्या, उंदीर मेला असेल म्हणून पलंग हलवला. शेवटी तळाची पट्टी फुगून सुटली तेव्हा मी पॅनेल उचकटलं. मागची बाजू बुरशीनं काळी ठिक्कर, आणि गिलावा हात लावताच वाळूसारखा खाली. जन्मभर लोकांच्या घरात सुतारकाम केलेला माणूस मी. पुढचे काही महिने ती खोली कुणाला दाखवली नाही.

पोपडे रंगामुळे येत नाहीत. भिंत आतून ओली असते. पाणी विटांमधून आणि गिलाव्यातून बाहेरच्या बाजूला सरकतं आणि येताना क्षार घेऊन येतं. पाणी हवेत उडून जातं, क्षार मागे राहतात, रंगाखाली त्यांचे खडे होतात आणि ते खडे रंगाला उचलून फेकतात. पांढरी भुकटी दिसते ती हीच. जुनी माणसं म्हणायची, भिंतीला लोणा लागलाय. तू दोनदा रंग दिलास आणि दोनदा तो सुटला, यात रंगवाल्याचा दोष नव्हता.

उघड्या भिंतीला निदान तेवढं पाणी हवेत सोडता येतं. वर पॅनेल बसलं की ती वाट बंद होते. मग ओल आतल्या आत वर चढते. आज दीड फुटांवर थांबलेली उद्या अडीच फुटांवर दिसते. पॅनेलच्या मागे उजेड नाही, वारा नाही, लाकूड आणि ओल मात्र आहे. बुरशीला आणि वाळवीला याहून जास्त काय हवं? तू म्हणशील, मग पीव्हीसी लावू, त्याला पाणी लागत नाही. खरं आहे, पीव्हीसीला काही होणार नाही. भिंतीला होईल, आणि तुला ते बऱ्याच उशिरा कळेल.

तेव्हा पहिलं काम भिंतीचं. तुझ्या घरात संशयित समोरच उभा आहे, ते न्हाणीघर. पण नुसत्या संशयावरून फरशी फोडायची नसते. आधी एक सोपी परीक्षा कर. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लॅस्टिक घे. सुटे पोपडे खरवडून त्या जागेवर ते लाव आणि चारही कडा चिकटपट्टीनं हवाबंद कर. पट्टी शाबूत रंगावर बसेल इतकी बाहेर घे. तसाच दुसरा तुकडा डाव्या टोकाला, तेवढ्याच उंचीवर, म्हणजे तुलना करता येईल. पूर्ण एक दिवस आणि एक रात्र राहू दे. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब किंवा धुकं दिसलं तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दिसलं तर खोलीतली हवाच दमट आहे, आणि तो प्रश्न खिडक्या उघडण्याचा आहे. डावा तुकडा कोरडा आणि उजवा घामेजलेला निघाला, तर न्हाणीघरावरचा आरोप बराचसा पक्का झाला असं समज.

पुढचा शोध म्हणजे पाणी नळाच्या पाइपातून येतंय की फरशीवरून झिरपतंय. पाइपात दिवसरात्र दाब असतो. फरशीवर पाणी आपण आंघोळ करतो तेव्हाच असतं. घरात पाण्याचा मीटर असेल तर रात्री झोपताना सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेव, सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघ. आकडा सरकला असेल तर कुठेतरी गळती आहे. मीटर नसेल आणि दुसरं न्हाणीघर असेल, तर आठवडाभर हे वापरू नका. ओल उतरायला लागली तर दोष फरशांच्या सांध्यांत किंवा पाणी जायच्या जाळीच्या भोवती. जराही फरक पडला नाही तर पाइपावर संशय जास्त. एवढं हातात घेऊन प्लंबरला बोलावलंस की तो अंदाजानं चार ठिकाणी फोडणार नाही.

दुरुस्ती पाण्याच्या बाजूनं व्हायला हवी. बसायच्या खोलीकडून वॉटरप्रूफ रंगाचा थर मारून देणारे भेटतील. त्यांना हात जोड. पाणी थांबल्यावर खराब गिलावा ओलीच्या खुणेच्या वर फूटभरापर्यंत काढायचा, विटा कोरड्या होऊ द्यायच्या, मग नवा गिलावा. विटा सावकाश सुकतात, कधी काही आठवडे, कधी काही महिने लागतात. नवा गिलावाही निदान महिनाभर मोकळा राहू दे. मग तीच प्लॅस्टिकची परीक्षा पुन्हा, आणि आतून कोरडं निघालं की कामाला लाग.

म्हणजे तीन आठवड्यांत पॅनेल होत नाही. वाईट वाटलं असेल, पण पाहुण्यांसाठी म्हणून एवढंच कर: पोपडे खरवड, पांढरी भुकटी कोरड्या ब्रशनं झाड (पाण्यानं धुवू नकोस, धुतलेस तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात) आणि सोफा भिंतीपासून चार-पाच इंच पुढे ओढ. मागे हवा खेळेल. सोफ्याच्या मागे वाकून बघणारा पाहुणा असेल तर तो घरातलाच माणूस समजायचा.

आता नवरोबांकडे. त्या उभ्या पट्ट्यांच्या पॅनेलला मागे काळं फेल्ट, म्हणजे तंतू दाबून केलेलं जाड कापड असतं. खोलीतला आवाज भिंतीवर आपटून परत येतो, त्यातला काही भाग हे फेल्ट शोषून घेतं. टाळी वाजवली की घुमणारी रिकामी खोली यानं शांत होते, बोलणं स्वच्छ ऐकू येतं. तेवढं काम ते खरंच करतं. पण शेजारचा टीव्ही अडवणं हे वेगळं काम आहे. भिंतीपलीकडून येणारा आवाज अडवायला वजन लागतं, फटी बंद लागतात, आणि दोन थर एकमेकांना न चिकटलेले लागतात. फेल्ट आणि बारक्या पट्ट्या यांत वजन ते किती! दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणत नाही. ‘आवाज थांबतो’ हे वाक्य त्यानं अर्धवट सोडलं. पॅनेलचा विचार करायच्या आधी दोघं मिळून स्विचबोर्डांच्या आसपास कान लावून बघा. दोन घरांचे बोर्ड भिंतीत पाठीला पाठ लावून असले की आवाज तिथूनच येतो, आणि तेवढी फट इलेक्ट्रिशियनकडून बुजवून घेणं पॅनेलपेक्षा किती तरी सोपं.

शिवाय त्या पट्ट्यांच्या मधल्या खाचांत धूळ बसते. प्रत्येक खाच वेगळी पुसावी लागते. कोण पुसणार, हे पॅनेल घ्यायच्या आधी ठरवा. माझा अनुभव असा की ज्याला पॅनेल हवं असतं तो सहसा पुसणारा नसतो.

तुझ्या चौकटींच्या बाजूनं मी आहे, हे एव्हाना कळलंच असेल. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे, थोडक्यात सांगतो. थंड मुलखांत दगडी घरांच्या भिंतींना पूर्वी ओकच्या फळ्या लावायचे, अंगाला गारठा लागू नये म्हणून. पण अखंड लाकूड दमट हवेत रुंदीकडून फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. लांबीत जवळजवळ फरक पडत नाही. मोठी फळी चारही बाजूंनी जखडली की ती तडकते. म्हणून सुतारांनी युक्ती काढली. बाहेर उभ्या-आडव्या दांड्यांची चौकट करायची, तिला आतून खाच पाडायची आणि मधली फळी त्या खाचेत सैल सोडायची, गोंद न लावता. फळी आपल्या जागी फुगते, आकसते, चौकट शाबूत राहते. जुन्या दारांत अजूनही असंच असतं. तू भिंतीवर ज्या चौकटी चिकटवणार आहेस त्या या कारागिरीची नक्कल आहेत. फळीच्या जागी रंगवलेली भिंत. नक्कल म्हणून नाक मुरडू नकोस. भिंत कोरडी आणि सपाट असली तर ती फार सुंदर दिसते आणि घरच्या घरी जमते.

रंगवायचंच आहे, तर एमडीएफच्या पट्ट्या घे. एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक तंतू आणि राळ दाबून केलेली फळी. तिला रेषा नाहीत, गाठी नाहीत, ती वाकडी होत नाही आणि रंग एकसारखा घेते. दुर्गुण एकच. पाणी लागलं की फुगते, आणि सुकल्यावर परत पहिल्यासारखी होत नाही. म्हणूनच वर भिंतीचं एवढं पुराण लावलं. ओलीत टिकणारा एमडीएफ म्हणून जो मिळतो, बहुतेकदा आतून हिरवट, तो घेतलास तर बरं, पण तोही दमट हवेपुरताच. गळत्या भिंतीला तो उपाय नाही. खरं लाकूड घे, जर लाकूड दिसू द्यायचं असेल तर. रंगाखाली सागवान घालणं म्हणजे उधळपट्टी. पॉलिस्टायरिनच्या हलक्या नक्षीदार पट्ट्याही येतात, त्यांना बोटानं दाबलं तरी खळगा पडतो आणि त्या पेट घेतात. दिव्यांच्या किंवा हीटरच्या जवळ नकोतच.

उंचीचं गणित आता. पुस्तकी नियम असा की अर्धं पॅनेल करायचं तर भिंतीच्या एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश, बरोबर मध्यावर कधीच नाही. तुझी भिंत १०८ इंच, म्हणजे ३६ किंवा ७२ इंच. ३६ इंचांवरची ती आडवी पट्टी मुळात खुर्चीच्या पाठीनं गिलावा खरवडू नये म्हणून असायची. पण तुझ्या भिंतीपुढे सोफा आहे, आणि सोफ्याची पाठही जवळपास तेवढीच उंच. सगळी मेहनत सोफ्यामागे जाईल. म्हणून या भिंतीला उभ्या, उंच, जवळजवळ छतापर्यंतच्या चौकटी शोभतील असं माझं मत.

किती चौकटी? भिंतीची लांबी १४४ इंच. दोन चौकटींत आणि दोन्ही टोकांना सारखीच ४ इंच मोकळी जागा सोडायची असं धरू. चार चौकटींना पाच मोकळ्या जागा, म्हणजे २० इंच. उरले १२४, प्रत्येक चौकट ३१ इंचांची. पाच चौकटींना सहा मोकळ्या जागा, २४ इंच. उरले १२०, प्रत्येक चौकट बरोबर २४ इंच. मी पाच घेईन. विषम संख्येत एक चौकट बरोबर मध्यावर येते, तिच्याखाली सोफ्याचा मध्य येतो, आणि पुढेमागे एखादं चित्र लावावंसं वाटलं तर त्याला जागा तयार असते.

उंची ठरवताना मात्र आधी दुकानात पट्टी किती लांब मिळते ते विचार. समजा ८ फुटी मिळते, म्हणजे ९६ इंच. तू ९६ इंचांची चौकट आखलीस तर फसशील, कारण टोकं ठेचलेली असतात आणि तिरक्या कापात थोडं लाकूड जातंच. मग उभ्या पट्टीला मध्ये जोड द्यावा लागतो आणि तो जोड कितीही घासला तरी तिरप्या उजेडात दिसतो. म्हणून ९२ इंच धर. खाली जमिनीलगत ४ इंचांचं स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी असते ती पट्टी) असेल तर उरलेल्या १२ इंचांत वर ६ आणि खाली ६. बाजूला ४ आणि वर-खाली ६ हे डोळ्याला खटकत नाही. आता मोज: उभ्या पट्ट्या १०, एका लांबीतून एकच, म्हणजे १० पट्ट्या. आडवे तुकडे १०, प्रत्येकी २४ इंच. एका पट्टीतून चार निघतील असं वाटतं, निघत नाहीत, कापातच जागा जाते, तीन धर. म्हणजे आणखी ४ पट्ट्या. एकूण १४, आणि चुकणाऱ्या हातांसाठी २ जास्त.

विकत घ्यायच्या आधी ही सगळी आखणी रंगाऱ्याच्या कागदी चिकटपट्टीनं भिंतीवर कर आणि चार दिवस तशीच ठेव. भिंत सुकायची वाट बघायची आहेच, वेळ भरपूर आहे. सकाळी बघ, रात्री दिवा लावून बघ, दारातून आत येताना बघ. कागदावर पाच आवडलेल्या चौकटी भिंतीवर गर्दी वाटल्या तर चार कर. बदलायला फक्त चिकटपट्टी ओढायची.

स्विचबोर्डांचा निकालही याच वेळी लागतो. चौकटीची पट्टी बोर्डावरून गेली किंवा बोर्डाला घासून गेली की सगळं काम ओढूनताणून केल्यासारखं दिसतं. बोर्ड एक तर पूर्ण चौकटीच्या आत हवा किंवा पूर्ण मोकळ्या जागेत. मोकळी जागा ४ ऐवजी ३ इंच केलीस तर चौकटी २५ इंचांपेक्षा किंचित मोठ्या होतात आणि उभ्या रेषा सरकतात. तेवढ्यानं बरेचदा सुटका होते. नाहीच झाली तर इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड हलवून घे. एका चौकटीची रुंदी वेगळी करायचा मोह होईल. करू नकोस, माणसाचा डोळा तिथेच जातो. नवरोबांची जाड पॅनेल लावायची असती तर बोर्डाची पेटी पॅनेलच्या पातळीपर्यंत पुढे आणावी लागली असती, नाहीतर वायरी लाकडाच्या पोकळीत उघड्या राहतात. चौकटींना ती भानगड नाही.

आणि ड्रिल मशीन कपाटात ठेव. स्विचच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडवं, या रेषांत भिंतीत वायरी असायची शक्यता सगळ्यात जास्त. पलीकडे न्हाणीघराचे पाइपही आहेत. एवढ्या हलक्या पट्ट्यांसाठी भोकं पाडायची गरजच नाही. विटांच्या पक्क्या भिंतीत बारीक खिळे वाकतात, मोठे मारले तर गिलाव्याची ढलपी उडते. पट्टीच्या मागे बांधकामाच्या घट्ट गोंदाची नागमोडी रेघ, कोपऱ्यांच्या कापांत सुताराचा पांढरा गोंद, आणि सुकेपर्यंत वरून कागदी चिकटपट्टीचे आडवे तुकडे. एक दिवस हात लावायचा नाही. भिंत जिप्सम बोर्डाची असेल तर बारीक पिना तिरक्या मारता येतात, गोंद तरीही हवाच.

गोंदाबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. गोंद रंगाला धरतो, आणि रंग भिंतीला धरून असेल तरच पट्टी राहते. ब्लेडनं रंगावर फुलीफुलीच्या चार-सहा बारीक रेघा मार, त्यावर चिकटपट्टी दाबून बसव आणि झटक्यात ओढ. रंगाचे तुकडे निघून आले तर तो रंग खरवडायलाच हवा. नाही आले तर पट्टी जिथे बसणार तेवढी जागा पॉलिश पेपरनं खरखरीत कर आणि धूळ पूस.

कापायचं काम बारीक दातांच्या करवतीनं आणि माइटर बॉक्सनं कर. ४५ अंशांच्या खाचा असलेली ती साधी पेटी पुरते. ओळखीचा कुणी विजेची करवत देत असेल तर घे, पण मग काम बाहेर, उघड्यावर, आणि नाकाला चांगला मास्क. लाकडाची धूळ ही कर्करोगाला कारणीभूत असलेल्या गोष्टींत मोडते असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं नोंदवलं आहे, आणि एमडीएफची धूळ तर पिठासारखी बारीक. एका भिंतीनं कुणी आजारी पडत नाही, पण घरात पोरंबाळं असतील तर बसायच्या खोलीत कापाकापी नकोच. पट्ट्या आणल्या की दोन दिवस त्याच खोलीत आडव्या पडू दे, तिथल्या हवेची सवय होते. मग पुढून, मागून आणि कडांना प्रायमरचा हात दे. एमडीएफच्या कापलेल्या कडा टीपकागदासारखा रंग पितात. तिथे दोनदा प्रायमर आणि मध्ये एकदा घासणं.

एक युक्ती ऐक: समोरासमोरच्या दोन पट्ट्या टेपनं वेगवेगळ्या मोजू नकोस. पहिली कापून झाली की तीच दुसरीवर ठेवून खूण कर. दोन बाजू एकमेकींइतक्या असल्या की कोपरे आपोआप मिटतात; २४ ऐवजी पावणेचोवीस झाल्या तरी कुणाला दिसत नाही, पण एक २४ आणि समोरची पावणेचोवीस असली की कोपऱ्यात फट पडते. लावताना ४ इंचांचा लाकडी ठोकळा करून ठेव आणि प्रत्येक मोकळी जागा त्यानंच ठरव. चौकट बसली की दोन्ही कर्ण मोज. तुझ्या मापाला ते ९५ इंचांच्या आसपास येतील. दोन्ही सारखे आले की चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे.

पहिली आडवी रेषा जमिनीवरून किंवा छतावरून मोजून आखू नकोस. घरातली जमीन आणि छत दोन्ही थोडी का होईना कललेली असतात. लेव्हलनं किंवा पाण्याच्या नळीनं आख. पण इथे एक तारतम्य लागतं. छत फारच कललेलं असेल तर लेव्हलमध्ये असलेली चौकटच वाकडी दिसायला लागते, कारण वरची ६ इंचांची मोकळी जागा एका टोकाला साडेपाच आणि दुसऱ्या टोकाला साडेसहा होते. तेव्हा मी लेव्हल आणि छत यांच्यामध्ये तडजोड करतो, लेव्हलकडे थोडा जास्त झुकून. डोळ्याला सरळ दिसतं ना, बस्स.

चिकटवून झालं की कोपऱ्यांतल्या फटी लाकडाच्या पुट्टीनं, आणि पट्टी व भिंत यांच्यामधली रेघ ॲक्रिलिक सीलंटनं, ओल्या बोटानं ओढत. हे काम कंटाळवाणं आहे, पण यानंच पट्ट्या भिंतीतून उगवल्यासारख्या दिसतात. हे न करता रंगवलेल्या भिंतीत प्रत्येक पट्टीभोवती काळी रेघ राहते. सीलंट घेताना डब्यावर ‘रंगवता येतं’ असं वाच. सिलिकॉन आणलंस तर त्यावर रंग धरत नाही, आणि ते काढणं म्हणजे पुढचा रविवार गेला.

रंग भिंतीला आणि पट्ट्यांना एकच, चमकही एकच. फार चकाकणारा घेऊ नकोस. खिडकीचा उजेड बाजूनं पडला की गिलाव्याचे सगळे उंचवटे तो दाखवतो. किंचित तुळतुळीत, पुसता येईल इतपत पुरे. पहिले खाचाखोचांत ब्रश, मग सपाट भागावर रोलर, आणि पट्टीच्या खालच्या कडेला ओघळ साचलाय का ते पाच मिनिटांनी परत येऊन बघायचं. उजवं टोक मात्र सगळ्यात शेवटी रंगव, आणि सोफा परत लावताना तिथे बोटभर जागा कायमची सोड. पहिलं वर्षभर महिन्यातून एकदा त्या कोपऱ्यावर तळहात ठेवून बघत जा. गार लागला तर प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी कुठे ठेवलीयेस ते लक्षात असू दे.